ठेवायचं तर पुरतं ठेवा

२१ मे २००८, मॉस्को. पाऊस पडत होता. युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या सर्वात मोठ्या स्पर्धेच्या, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेड आणि चेल्सी १-१ अशा बरोबरीत अडकले होते. जादा वेळेतही निकाल लागला नाही, पेनल्टी शूटआउट सुरू झालं आणि त्यात रोनाल्डोचा फटका चेल्सीचा गोलरक्षक पेत्र चेकनं अडवला. पाचवी पेनल्टी घ्यायला चेल्सीचा कर्णधार जॉन टेरी आला. ही गेली की कप चेल्सीचा. युनायटेडचा गोलरक्षक व्हॅन डर सार उलट्या बाजूला झेपावला, म्हणजे टेरीचं अर्धं काम झालंच होतं. पण फटका मारताना त्याचा टेकवलेला पाय ओल्या गवतावरून सटकला, चेंडू खांबाला लागला आणि बाहेर गेला. पुढे अनेल्काची पेनल्टी अडवली गेली, युनायटेड जिंकलं. तीन दिवसांनी चेल्सीनं आपला मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, अव्राम ग्रांट याला नारळ दिला.

ग्रांटच्या त्या हंगामाकडे जरा नीट बघू. सप्टेंबरमध्ये आधीचा मॅनेजर मोरिन्यो गेल्यावर त्याला अचानक खुर्चीत बसवलं होतं. इंग्लंडच्या लीगमध्ये युनायटेडचे ८७ गुण झाले, चेल्सीचे ८५. लीग कपच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमकडून हार. आणि चॅम्पियन्स लीग हुकली ती एका खांबाच्या जाडीनं. टेरीचा पाय सटकला नसता तर चेल्सीला पहिल्यांदा युरोपचं विजेतेपद मिळवून देणारा मॅनेजर म्हणून त्याचं नाव लागलं असतं. सरावात त्यानं केलेलं काम, निवडलेले अकरा, आखलेले डावपेच, यातलं काहीही त्यामुळे बदललं नसतं.

अर्थात जिंकला असता तरी त्याची नोकरी टिकली असती याची खात्री नाही. २०१२ मध्ये चेल्सीनं खरोखरच चॅम्पियन्स लीग जिंकली, आणि जिंकून देणाऱ्या रोबेर्तो दी मातेओला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काढलं. रेआल माद्रिदनं २००३ मध्ये स्पेनची लीग जिंकली आणि लगेच दुसऱ्या दिवशी व्हिसेंते देल बोस्केला निरोप दिला. लेस्टरनं २०१६ मध्ये इंग्लंडचं विजेतेपद मिळवलं, ज्यावर सट्टेबाजांनी ५००० ला १ असा भाव लावला होता. नऊ महिन्यांत क्लाउदिओ रानिएरी घरी. जिंकणाऱ्यांची ही गत, तर थोडक्यात हुकलेल्यांबद्दल काय बोलावं?

तरीही मला बोलायचंय ते हुकलेल्यांबद्दलच. रसातळाला गेलेल्या संघाच्या मॅनेजरचा निर्णय त्या मानानं सोपा असतो. अवघड असतो तो दुसऱ्या क्रमांकाचा, हरलेल्या अंतिम सामन्याचा, हातातोंडाशी येऊन गेलेल्या घासाचा. त्या उन्हाळ्यात क्लबच्या बंद दाराआड काय ठरतं त्यावर पुढची पाच-दहा वर्षं अवलंबून असतात. आणि तिथेच क्लब सगळ्यात जास्त चुकतात असं माझं मत आहे. काढल्यामुळे चुकतात तसे ठेवल्यामुळेही चुकतात, पण जास्त करून चुकतात ते अर्धवट ठेवल्यामुळे.

आधी काढण्याबद्दल. मॅनेजर बदलला की संघ उसळी घेतो हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. नवा माणूस येतो, पहिल्या चार-पाच सामन्यांत निकाल सुधारतात, समालोचक म्हणतात की ड्रेसिंग रूममध्ये नवी हवा आली. बास तेर वेल या डच अर्थशास्त्रज्ञानं नेदरलँड्सच्या लीगमधले १९८६ ते २००४ या काळातले मॅनेजर-बदल तपासले. बदलानंतर निकाल सुधारले होतेच. पण त्यानं त्यांच्या शेजारी दुसरे संघ ठेवून पाहिले: ज्यांची घसरण तेवढीच झाली होती, पण ज्यांनी मॅनेजर बदलला नव्हता. तेही सावरले होते, जवळपास तसेच. वाईट काळ जितका वाईट दिसतो त्यात दुर्दैवाचा वाटा असतो, आणि दुर्दैव सहसा अनंतकाळ टिकत नाही. जो नवा माणूस त्या वळणावर उभा असतो त्याला श्रेय मिळतं.

क्लबांना आता हे मोजता येतं. कुठून किती चांगल्या संधी तयार केल्या आणि समोरच्याला किती दिल्या, यावरून ‘अपेक्षित गोल’ काढतात आणि प्रत्यक्ष निकालाशी ताडून पाहतात. २०१४-१५ च्या हंगामात युर्गन क्लॉपचा डॉर्टमुंड फेब्रुवारीच्या सुरुवातीला जर्मन लीगच्या तळाशी होता. औग्सबुर्गनं त्यांना त्यांच्याच मैदानावर हरवलं तेव्हा गोलरक्षक वाइडेनफेलर आणि कर्णधार हुमेल्स कुंपणाजवळ जाऊन चिडलेल्या प्रेक्षकांची समजूत घालत होते, ते चित्र माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. डॉर्टमुंडनं क्लॉपला तेव्हा काढलं नाही. संघ सातव्या क्रमांकापर्यंत वर आला आणि हंगामाच्या शेवटी क्लॉप स्वतःहून गेला. तिकडे लिव्हरपूलमध्ये इयन ग्रॅहम हा आकडेवारीचा प्रमुख त्याच हंगामाचा अभ्यास करून सांगत होता की हा संघ दिसतो तितका वाईट खेळलेला नाही, नशीब फार वाईट होतं. ऑक्टोबर २०१५ मध्ये लिव्हरपूलनं क्लॉपला आणलं. नुसता गुणतक्ता पाहून कुणी तो निर्णय घेतला नसता.

पण आकडे हा प्रश्नाचा निम्माच भाग. मॅनेजर चांगला आहे हे कळलं, ठेवायचं ठरलं. मग पुढे काय?

इथे मला दोन जर्मन क्लबांबद्दल जरा सविस्तर सांगायचंय.

२००२ चा बायर लेव्हरकुसेन. प्रशिक्षक क्लाउस टोपमोलर. संघात मिखाएल बालाक, झे रोबेर्तो, लुसिओ, बेर्न्ड श्नायडर. काय सुंदर खेळत असत! चॅम्पियन्स लीगमध्ये त्यांनी लिव्हरपूलला ४-२ हरवलं, उपांत्य फेरीत मँचेस्टर युनायटेडला बाहेर काढलं. जर्मन लीगचे तीन सामने उरले तेव्हा पाच गुणांनी पुढे होते. मग घरच्या मैदानावर ब्रेमेनकडून हरले, त्यानंतर न्युर्नबर्गकडून. ४ मे रोजी लीग संपली तेव्हा डॉर्टमुंडचे ७०, लेव्हरकुसेनचे ६९. ११ मे रोजी जर्मन कपचा अंतिम सामना शाल्केकडून २-४ असा गमावला. १५ मे रोजी ग्लासगोत चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मध्यंतराच्या तोंडावर आकाशातून पडणारा चेंडू रेआल माद्रिदच्या झिदाननं डाव्या पायानं थेट जाळ्यात मारला, आणि शेवटच्या मिनिटांत बदली गोलरक्षक कासियासनं एकामागून एक फटके अडवले. रेआल माद्रिद २, लेव्हरकुसेन १. तीन स्पर्धांत दुसरे, पदरी काहीच नाही.

क्लबनं टोपमोलरला ठेवलं. त्या वर्षीचा जर्मनीतला सर्वोत्कृष्ट प्रशिक्षकही तोच ठरला. पण बालाक आणि झे रोबेर्तो दोघेही बायर्न म्युनिकला गेले. बचावाचा आधारस्तंभ येन्स नोवोटनी गुडघ्याच्या दुखापतीनं आधीच बाहेर होता. टोपमोलर त्याच जागी उभा राहिला, पण ज्या संघानं त्याला तिथवर नेलं तो संघ उरला नव्हता. फेब्रुवारी २००३ मध्ये त्याला काढलं. लेव्हरकुसेन पंधरावे आले, दुसऱ्या विभागात घसरता घसरता वाचले.

आता २०१२ चा बायर्न. प्रशिक्षक युप हाइन्केस, वय ६७. लीगमध्ये डॉर्टमुंडच्या आठ गुण मागे, दुसरे. १२ मे रोजी जर्मन कपच्या अंतिम सामन्यात त्याच डॉर्टमुंडकडून २-५ अशी धुलाई. आणि १९ मे रोजी चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, तोही म्युनिकमध्ये, आपल्याच मैदानावर, चेल्सीविरुद्ध. बायर्नला वीस कॉर्नर मिळाले, चेल्सीला एक. ८३ व्या मिनिटाला थॉमस म्युलरनं डोक्यानं गोल केला. ८८ व्या मिनिटाला चेल्सीला त्यांचा तो एकमेव कॉर्नर मिळाला आणि द्रोग्बानं डोक्यानंच बरोबरी साधली. जादा वेळेत रोबेनची पेनल्टी चेकनं अडवली. शूटआउटमध्ये बायर्न पुढे होतं, मग ओलिचची अडवली गेली, श्वाइनश्टायगरची चेकच्या बोटांना चाटून खांबावर आदळली. द्रोग्बानं शेवटची मारली. श्वाइनश्टायगरनं जर्सी तोंडावर ओढून घेतली होती. तीन दिवसांनी बायर्न आणि नेदरलँड्स यांच्यात मैत्रीपूर्ण सामना होता. रोबेन त्यात डच संघाकडून उतरला आणि बायर्नच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली.

म्हणजे बघा, दहा वर्षांच्या अंतरानं दोन क्लब अगदी एकाच जागी उभे होते. तीन स्पर्धांत दुसरे. दोघांनीही मॅनेजर ठेवला.

बायर्ननं त्याबरोबर आणखी काय केलं? क्रीडा संचालक बदलला, माथियास झामरला आणलं. मधल्या फळीत चेंडू हिसकावणारा माणूस कमी पडतो म्हणून चार कोटी युरो मोजून हावी मार्तिनेझला घेतलं; जर्मन लीगमध्ये तोवर एवढी रक्कम कुणासाठीच दिली गेली नव्हती. आघाडीला मांजुकिच आणला, बचावात दांते. ज्याची हुर्यो उडवली गेली त्या रोबेनला विकलं नाही. आणि हाइन्केसनं कडेनं आक्रमण करणाऱ्या आपल्या दोन्ही लाडक्या विंगरांना, रिबेरी आणि रोबेनला, चेंडू गेल्यावर मागे धावायला लावलं. हे सांगायला सोपं आहे. पण ज्याची खुर्ची डळमळीत आहे अशा प्रशिक्षकाचं हे असले तारे कशाला ऐकतील? क्लब त्याच्या मागे ठाम उभा आहे हे त्यांना दिसलं असणार, म्हणून ते धावले, असं मला वाटतं.

पुढच्या हंगामात बायर्ननं लीगमध्ये ९१ गुण मिळवले, दुसऱ्या क्रमांकावरच्या डॉर्टमुंडपेक्षा २५ जास्त. अख्ख्या लीगमध्ये त्यांच्यावर फक्त १८ गोल झाले. बार्सिलोनाला दोन सामन्यांत मिळून ७-० नं हरवलं. २५ मे २०१३ रोजी वेम्बलीवर ८९ व्या मिनिटाला चॅम्पियन्स लीग जिंकून देणारा गोल केला तो रोबेननं. आठवडाभरात जर्मन कपही आला. तिन्ही विजेतेपदं.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. हंगामाच्या मध्यावर, जानेवारी २०१३ मध्येच, बायर्ननं जाहीर केलं होतं की उन्हाळ्यात पेप गार्दिओला येणार. म्हणजे मॅनेजर ठेवणं म्हणजे त्याला आजन्म ठेवणं नव्हे. पण जेवढा काळ ठेवला तेवढा काळ त्याच्या हाताला बळ दिलं. जायची तारीख ठरलेल्या माणसानं तिन्ही कप जिंकले.

या तुलनेत टॉटनहॅमची गोष्ट मला अजूनही बोचते. माउरिसिओ पोचेत्तिनोनं पाच वर्षांत त्या क्लबला युरोपच्या पहिल्या रांगेत आणून बसवलं. २०१८ च्या उन्हाळ्यात टॉटनहॅमनं एकही खेळाडू विकत घेतला नाही. पुढच्या जानेवारीतही नाही. नवं स्टेडियम बांधलं जात होतं, पैसा तिकडे जात होता, ते समजतं. तशाही स्थितीत तो त्यांना १ जून २०१९ रोजी माद्रिदला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात घेऊन गेला. लिव्हरपूलकडून ०-२ असे हरले. थकलेला, तोच तो संघ. साडेपाच महिन्यांनी पोचेत्तिनोला काढलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या जागी मोरिन्यो. सांगायला पोचेत्तिनोला पाच वर्षं ठेवलं. पण शेवटच्या दीड वर्षात त्याला खरोखर कोण सांभाळत होतं? मोरिन्योलाही पुढे एप्रिल २०२१ मध्ये काढलं, लीग कपचा अंतिम सामना सहा दिवसांवर आलेला असताना.

‘फर्ग्युसनला वेळ दिला म्हणून युनायटेड मोठं झालं’ हे वाक्य या विषयावर कुठेही ऐकू येतं. त्या वाक्यात मला दोन खोट दिसतात. एक तर ज्यांना वेळ दिला आणि तरीही काही झालं नाही त्यांची नावं कुणाला आठवत नाहीत, म्हणून एकट्या फर्ग्युसनवरून नियम काढता येत नाही. दुसरी खोट जास्त मोठी आहे. फर्ग्युसनला नुसता वेळ दिला नव्हता. नोव्हेंबर १९८६ मध्ये तो आला. १९८९ मध्ये अकरावे, १९९० मध्ये तेरावे. सप्टेंबर १९८९ मध्ये मँचेस्टर सिटीनं ५-१ असं तुडवलं, आणि त्याच हिवाळ्यात तीन वर्षांच्या सबबी पुरे झाल्या अशा अर्थाचा फलक घरच्या प्रेक्षकांत फडकला. पण त्याच १९८९ च्या उन्हाळ्यात आणि शरदात क्लबनं त्याला गॅरी पॅलिस्टर, पॉल इन्स, नील वेब, डॅनी वॉलेस घेऊन दिले होते. पॅलिस्टरसाठी २३ लाख पौंड मोजले. शिवाय तरुण खेळाडू शोधणारी यंत्रणा त्यानं मुळापासून उभारली, ती कुणी मोडली नाही. जानेवारी १९९० मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सनं केलेल्या गोलानं त्याची नोकरी वाचली ही दंतकथा ऐकायला छान आहे. क्लबचा अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स मात्र नेहमी सांगत आला की तो सामना हरले असते तरी त्याला काढणार नव्हते. मे महिन्यात एफए कप आला, १९९३ मध्ये लीग, आणि २०१३ पर्यंत तेरा वेळा लीग.

त्याच युनायटेडनं २०२४ मध्ये काय केलं ते पाहा. एरिक टेन हागचा संघ लीगमध्ये आठवा आला, पण २५ मे रोजी एफए कपच्या अंतिम सामन्यात त्यांनी सिटीला २-१ असं हरवलं. नवे सहमालक दोन आठवड्यांहून जास्त विचार करत बसले. त्या काळात दुसऱ्या मॅनेजरांशीही बोलणी झाली, हे खुद्द टेन हागनंच नंतर जाहीरपणे सांगितलं. शेवटी त्यालाच ठेवलं आणि करार २०२६ पर्यंत वाढवला. ऑक्टोबर संपायच्या आत, संघ चौदाव्या क्रमांकावर असताना, काढलं. त्याची आणि त्याच्या सहकाऱ्यांची भरपाई १ कोटी ४ लाख पौंड. आता मला सांगा, आपल्या मॅनेजरच्या जागी दुसरा शोधून झालाय आणि न मिळाल्यामुळे हा राहिलाय, हे ड्रेसिंग रूममधल्या प्रत्येकाला ठाऊक असताना त्या माणसानं कुणाला बाकावर बसवायचं, कुणाला रागवायचं, कुणाला विकायचं? जून महिन्यातच त्याला काढलं असतं तर ते कठोर वाटलं असतं, पण प्रामाणिक झालं असतं. नव्या माणसाला पूर्ण उन्हाळा मिळाला असता. टेन हागलाही कप हातात घेऊन जाता आलं असतं.

चेल्सीचं उदाहरण माझ्या म्हणण्याच्या आड येतं, ते टाळून चालणार नाही. मालक अब्रामोविचच्या १९ वर्षांत मॅनेजर येत गेले, जात गेले, आणि तरीही पाच लीग आणि दोन चॅम्पियन्स लीग आल्या. त्या दोन्ही चॅम्पियन्स लीग तर हंगामाच्या मध्येच मॅनेजर बदलून आल्या: २०१२ मध्ये व्हिलास-बोआस गेला आणि दी मातेओ आला, २०२१ मध्ये लॅम्पार्ड गेला आणि टुखेल आला. म्हणजे सतत बदलूनही जिंकता येतं. पण कशाच्या जोरावर? मॅनेजर बदलले तरी चेक, टेरी, तेव्हा खेळाडू असलेला लॅम्पार्ड, द्रोग्बा हा कणा वर्षानुवर्षं तसाच होता, आणि मालकाचा खिसा कधी रिकामा होत नव्हता. २०१८ मध्ये आंतोनिओ कोंतेला काढताना त्याची आणि त्याच्या सहकाऱ्यांची भरपाई, वकिलांचा खर्च धरून, २ कोटी ६६ लाख पौंड झाली. एवढं सोसणारे क्लब जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांनी चेल्सीची नक्कल केली तर दिवाळं निघेल.

मग ठेवायचं नाही, असं कधी ठरवावं? माझ्या मनात एकच कसोटी आहे. संघ दरवर्षी त्याच जागी कमी पडतो की नव्या जागी?

मी आर्सेनलची चाहती, म्हणून हे मला जवळून ठाऊक आहे. मॅनेजर आर्सेन वेंगरवर माझा जीव होता. २००४ चा तो अजिंक्य संघ ज्यानं पाहिला त्याला वेंगरबद्दल वाकडं बोलवत नाही. पण २०११ पासून २०१७ पर्यंत लागोपाठ सात वर्षं आर्सेनल चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या सोळांतच बाद झालं. मधल्या फळीत तीच पोकळी, मोठ्या संघासमोर तेच उघडं पडणं. सातव्या वेळी बायर्नकडून दोन सामन्यांत मिळून २-१० अशी हार. तरीही त्या मे महिन्यात एफए कप जिंकल्याच्या आनंदात त्याला दोन वर्षांचा नवा करार दिला. तो पुरा व्हायच्या आधी, २०१८ मध्ये, तो गेला. त्याला त्याआधीच सन्मानानं निरोप द्यायला हवा होता. हे मी प्रेमानं म्हणते. स्टेडियममधल्या रिकाम्या खुर्च्यांसमोर त्याला उभं राहावं लागलं हे मला आवडलं नाही.

उलट लिव्हरपूल. क्लॉप २०१६ मध्ये दोन अंतिम सामने हरला, २०१८ मध्ये कीव्हला तिसरा. तिथे गोलरक्षक कारियसच्या हातून दोन भयंकर चुका झाल्या. दोनच महिन्यांत गोलरक्षकासाठी तोवरची सर्वात मोठी रक्कम मोजून अलिसन आला. ११ डिसेंबर २०१८ ची रात्र घ्या: नापोलीविरुद्ध लिव्हरपूल १-० नं पुढे, जादा मिनिटं चालू, आणि नापोलीचा मिलिक सहा यार्डांवर एकटा. गोल झाला तर लिव्हरपूल गटातच बाद. अलिसन अंग पसरून पुढे आला आणि चेंडू त्याच्या अंगावर आदळला. जूनमध्ये कप लिव्हरपूलचा होता. कीव्हमध्ये जिथे कमी पडले, नेमकी तीच जागा बुजवली होती. आणि त्याच २०१९ मध्ये लीगमध्ये ९७ गुण मिळवूनही ते दुसरे आले, तेव्हा क्लॉपला काढा असं म्हणायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आर्सेनलच्या मिकेल आर्तेताकडे मी याच कसोटीनं बघते. पहिल्या दोन हंगामांत आठवा क्रमांक. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पहिले तिन्ही सामने हरून, एकही गोल न करता, आर्सेनल तक्त्याच्या अगदी तळाशी. माझ्या ओळखीतले झाडून सगळे ‘आता पुरे’ म्हणत होते. पण क्लबनं त्या उन्हाळ्यात त्याला सहा खेळाडू घेऊन दिले होते, सगळे २३ वर्षांचे किंवा त्याहून लहान; त्यांतलेच ओडेगार्ड आणि बेन व्हाइट. आणि त्या डिसेंबरमध्ये शिस्तीच्या प्रश्नावरून त्यानं ओबामेयांगचं, क्लबच्या सर्वाधिक पगाराच्या खेळाडूचं, कर्णधारपद काढलं तेव्हा क्लब आर्तेताच्या बाजूनं उभा राहिला. महिन्या-दीड महिन्यात ओबामेयांग गेला. माझ्या मते आर्सेनलचा खरा निर्णय तो होता. ऑगस्टमध्ये न काढणं हा त्यापुढे किरकोळ.

मग लागोपाठ तीन वर्षं दुसरा क्रमांक. २०२३ मध्ये ८४ गुण: मार्चमध्ये बचावपटू सालिबा जखमी झाला, बचाव उसवला, एप्रिलमध्ये वेस्ट हॅम आणि साउथॅम्प्टनशी बरोबरीत गुण गेले. २०२४ मध्ये ८९ गुण, सिटीचे ९१. तिथे एप्रिलमध्ये अ‍ॅस्टन व्हिलाकडून घरी झालेली एक हार पुरली. २०२५ मध्ये ७४. दर वर्षी भोक वेगळं होतं. पण २०२५ चं भोक सगळ्यांना आधीपासून दिसत होतं: गोल करणारा खरा स्ट्रायकर नव्हता. जानेवारीत जेझुसचा गुडघा गेला, फेब्रुवारीत हावर्ट्झचा मांडीचा स्नायू, आणि त्या जानेवारीत क्लबनं कुणालाच घेतलं नाही. मधल्या फळीतला मेरिनो पुढे उभा राहून हंगाम ओढत होता. त्या वर्षीच्या अपयशाचा मोठा वाटा मी क्लबच्या पदरात टाकते. आर्तेताच्या पदरातही टाकते, कारण लाल कार्डांवर आणि पुढे असताना सोडलेल्या सामन्यांवर त्याला उत्तर सापडलं नाही. त्या उन्हाळ्यात आर्सेनलनं त्याला ठेवलं आणि स्ट्रायकर योकेरेसला आणलं. मला ते योग्य वाटलं, आणि पुढच्या कुठल्याही निकालानं माझं हे मत बदलणार नाही. त्या दिवशी हाताशी जेवढं होतं तेवढ्यावरूनच तो निर्णय तोलायला हवा.

राहता राहिला तो स्वतः मॅनेजर. त्याला राहायचंय का, हे कुणी विचारतच नाही. अ‍ॅटलेटिको माद्रिदचा दिएगो सिमेओने २०१४ मध्ये लिस्बनला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना हरला, जादा मिनिटांत रेआल माद्रिदच्या रामोसनं बरोबरी केल्यावर. २०१६ मध्ये मिलानला पुन्हा, त्याच रेआलकडून, पेनल्टींवर. त्या रात्री त्यानं उघड सांगितलं की आता विचार करायला वेळ लागेल. क्लबनं त्याला घाई केली नाही, धमकावलंही नाही. त्यानं विचार केला आणि राहिला. २०१८ मध्ये युरोपा लीग आली, २०२१ मध्ये स्पेनची लीग. दुसरीकडे गार्दिओला २०१२ मध्ये थकलोय असं सांगून बार्सिलोनातून बाहेर पडला, आणि क्लॉपनं जानेवारी २०२४ मध्ये, संघ लीगमध्ये अव्वल असताना, आपली शक्ती संपत आल्याचं सांगितलं. हरलेल्या अंतिम सामन्यानंतर मालकांच्या बैठकीत आकडे येतात, वकील येतात, पुढच्या उमेदवारांची यादी येते. त्याआधी त्या माणसाला आठवडाभर घरी जाऊ द्यावं आणि परत आल्यावर त्याला दोन प्रश्न विचारावेत: आपण नेमके कुठे कमी पडलो, आणि ते भरून काढायला तुला काय लागेल? पहिल्याचं उत्तर गेल्या वर्षीचंच असेल तर हात मिळवून निरोप घ्यावा. ते नवं आणि पटण्यासारखं असेल, तर दुसऱ्याच्या उत्तरात तो जे मागेल ते ट्रान्स्फर विंडो, म्हणजे खेळाडू घेण्या-विकण्याची मुदत, बंद व्हायच्या आत त्याला द्यावं.